पेन ड्राइव्हची खोळ

आमच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. बाबांच्या चष्म्याची डबी म्हणजे मुळात चष्म्याची खोळच, पण तिलाही वरून एक खोळ. आई दुपारची मशीनवर बसायची आणि जे हाती लागेल त्याचं माप घ्यायची. घरात नवीन काही आलं की मी म्हणायचे, "लपवा, आईनं बघितलं तर शिवून टाकेल." बाबा हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "धूळ बसती."

ही धूळ नांदेडची नव्हती. भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरला होतो, बाबा तिथं पाटबंधारे खात्यात होते आणि मी दुसरीत. आमच्या भाड्याच्या घराला नुसती चीर पडली. आईचं माहेर मात्र औशाच्या पलीकडं, तिथल्या भिंती दगडमातीच्या. विसर्जन करून गाव झोपलेलं होतं. आईची आई गेली, भाऊ गेला. आजी दारापर्यंत आली होती, कडीवर हात होता, असं ढिगारा उपसणाऱ्यांनी सांगितलं. हे आईला सांगायची काही गरज नव्हती असं मला अजून वाटतं. पण लोक सांगतात.

नंतर देशभरातून ट्रक भरभरून कपडे आले. त्यात गरम कोट होते, इस्त्रीच्या घड्या असलेल्या पँटी होत्या, झालरीचे फ्रॉक होते. आमच्याकडं ते कोण घालणार? रस्त्याकडेला ढीग पडून राहिले. आईनं त्यातलं एक मोठं गाठोडं उचलून आणलं आणि सगळ्यात आधी रेडिओची खोळ शिवली. ते गाठोडं काही संपता संपलं नाही. पुढं बाबांनी नांदेडला बदली करून घेतली तेव्हा ते आमच्यासोबत नांदेडला आलं.

खोळी ही आईची एक गोष्ट. दुसरी गोष्ट कडी. आमच्या दाराला कडी लागत नसे. दिवसा नाही, रात्री नाही, आम्ही गावाला गेलो तर बाहेरून कुलूप, पण घरात माणूस असताना आतून कडी कधीच नाही. दार नुसतं लोटलेलं. एकदा शेजारच्यांची म्हैस डोकं घालून स्वयंपाकघरापर्यंत आली होती. बाबा एकदोनदा बोलून बघायचे, मग गप्प बसायचे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आई पुन्हा लातूरला गेली नाही. लग्नं झाली, बारशी झाली, बाबा एकटे जाऊन आले. आई म्हणायची, "मला त्या वाटंला लावू नका."

आणि असं असताना बाबांनी माझ्या धाकट्या भावाला लातूरला घातलं.

धाकटा भूकंपानंतर नांदेडला झालेला. दहावीला बरे मार्क पडले तशी बाबांनी घोषणा केली. तोवर लातूरचं नाव वेगळ्याच गोष्टीसाठी झालं होतं. जिथून लोक ट्रंका घेऊन निघाले होते तिथंच आता सगळ्या महाराष्ट्रातून लोक लेकरांच्या ट्रंका घेऊन जाऊन राहिले होते. मी बाबांशी भांडले. नांदेडला काय क्लास नाहीत? गल्लीबोळात क्लास आहेत. बाबा म्हणाले, "लातूर ते लातूर." मला त्या वाक्याचा इतका संताप आला की मी ताट सरकवून उठले. आई मात्र मशीनवर बसली आणि तिनं धाकट्याच्या गादीला खोळ शिवली.

ज्या होस्टेलात तो राहायला गेला तिथं पोरांचे मोबाईल मालकाच्या टेबलाच्या खणात. रविवारी सकाळी रांग लावायची, मालकासमोर उभं राहून घरी बोलायचं, मागची पोरं ढकलत असणार. आईला असंही फोनवर बोलता यायचं नाही. "जेवलास का," "बरं," "हाव" एवढं म्हणून ती फोन बाबांकडं द्यायची आणि मग दिवसभर अस्वस्थ फिरायची, या खोलीतून त्या खोलीत, हातात फडकं. रविवार मला नकोसा व्हायला लागला.

म्हणून मी तोडगा काढला. मी तेव्हा एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, रिटायर माणसांना माऊस धरायला आणि पोरींना टायपिंग. धाकट्याच्या खोलीतल्या एका पोराकडं पेन ड्राइव्ह लावून ऐकायचा छोटा रेडिओ होता. पोरं त्यावर सरांची लेक्चरं ऐकायची, म्हणून मालकाची ना नव्हती. घरी आमचा कॉम्प्युटर होता आणि बाबांना ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेला एक पेन ड्राइव्ह होता, काळा, जाडजूड. आईनं कॉम्प्युटरसमोर बसून बोलायचं, ते पेन ड्राइव्हवर टाकायचं, आणि पेन ड्राइव्ह डब्याच्या पिशवीत घालून पाठवायचा.

डबा जायचाच. दर गुरुवारी दुपारच्या बसला नांदेडच्या स्टँडवर आयांची गर्दी असायची, प्रत्येकीच्या हातात नाव शिवलेली पिशवी. ड्रायव्हर पिशव्या आपल्या मागच्या जागेत रचून घ्यायचा आणि लातूरच्या स्टँडवर पोरं त्या उचलायची. रिकामा डबा त्याच बसनं परत. लाडू, धपाटे, शेंगाची चटणी आणि आता आईचा आवाज.

पहिल्यांदा बोलायला बसली तेव्हा आईनं डोक्यावर पदर घेतला. फोटो काढून घेताना बसावं तशी ताठ बसली. मी बटण दाबलं तर मला हातानंच बाहेर जायची खूण केली. मी गेले. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नाही असं आमचं ठरलंच. ते रेकॉर्डिंग मीच पेन ड्राइव्हवर टाकलं, पिशवी गेली, पुढच्या रविवारी धाकटा म्हणाला, "ऐकलं आई. तसंच करून राहिलो." आईचा चेहरा असा फुलला की मला माझाच अभिमान वाटला.

पेन ड्राइव्ह रिकाम्या डब्यातून परत आला आणि आईनं त्याचं माप घेतलं. करड्या रंगाच्या एका कोटाची बाही तिनं कापली. खोळ अशी नेमकी बसली की आत सारताना जोर लावावा लागायचा आणि ओढून काढताना त्याहून जास्त. मी म्हटलं, "आई, याला श्वास तरी घेऊ दे." ती म्हणाली, "धपाट्याचं तेल लागलं तर?"

मग रीत पडली. बुधवारी संध्याकाळी लाईट आली की आई बोलायची, मी ते कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचे. गुरुवारी सकाळी मी लवकर कामावर जायचे, म्हणून पेन ड्राइव्हवर टाकायचं काम बाबांकडं. मी त्यांना कॉपी आणि पेस्ट शिकवलं. ऑफिसातली कुठलीही पद्धत शिकावी तसं त्यांनी ते गंभीरपणे शिकून घेतलं. पावसाळा असाच गेला. दिवाळीपर्यंत सुट्टी नव्हती, पण घरात जरा स्वस्थता आली होती. रविवारी धाकटा म्हणायचा, "हाव, ऐकलं. तसंच करतोय."

गणपती बसले. गणपतीत आई दरवर्षी मिटायची. विसर्जन जवळ आलं की तिचं बोलणं कमी होत जायचं. त्या वर्षी त्याच दिवसांतल्या रविवारी धाकट्याचा फोन आला आणि तो बाबांना म्हणाला, "मला इथं ऱ्हायचं न्हाई."

बाबांनी कारण विचारलं. तो सांगेना. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. शेवटी म्हणाला, "झोप होत न्हाई."

"झोप?" बाबा ओरडले. "पोरं रात्र रात्र जागून अभ्यास करून राहिलीत आणि तुला झोप पाहिजे?"

"गुरुवारी डबा घ्यायला येईन तेव्हा ट्रंक घेऊनच येतो," धाकटा म्हणाला. "त्याच बसनं परत येतो." फोन बंद झाला.

बाबा लालबुंद झाले होते. "येऊ दे. त्याला या घराचं दार बंद," असं म्हणाले, आणि मला हसू फुटलं. आमच्या घराचं दार बंद! बाबा माझ्यावर अधिकच उखडले आणि त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला. माझ्याशी, आईशी, कॉम्प्युटरशीसुद्धा. गेल्या दोन पिढ्यांत आमच्याकडं कोणी शिक्षण अर्धवट सोडलेलं नव्हतं, आणि पोरगं असं एका फोनवर सगळं सोडून निघालं होतं. मला त्याचाही राग येत होता आणि बाबांचाही. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तो फोनवर ज्या आवाजात बोलला तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

आई म्हणाली, "मी बोलते त्याच्याशी. माझं ऐकतो तो."

बुधवारी ती खूप वेळ बोलली. मी बाहेर ओट्यावर बसून होते. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "हे त्याच्यापर्यंत गेलं की तो ऱ्हाईल बघ," म्हणाली. "ट्रंक घेऊन स्टँडवर आला तरी आधी हे ऐकंल." रेडिओवाला पोरगा धाकट्यासोबत स्टँडवर येणारच होता, त्याचाही डबा त्याच बसला असायचा. म्हणजे सगळं त्या पिशवीवर होतं.

गुरुवारी बाबा काही हात लावेनात, म्हणून मी सकाळची रजा टाकली. खोळ ओढून काढली, पेन ड्राइव्ह लावला, फाईल टाकायला गेले, आणि समोर चौकोन आला. डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे. म्हणजे यातलं वाचता येईल, यावर लिहिता येणार नाही.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पुढचं भोक सोडून मागच्या भोकात लावला. तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तो आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात माणूस आंघोळ करून येईल. तेच. रीड ओन्लीची खूण कुठं आहे का शोधली, नव्हती. कॉम्प्युटरच्या पोटात खोल एक जागा असते, तिथं एकाच्या जागी शून्य लिहिलं की हे कुलूप निघतं असं मी स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. तिथं गेले. तिथं शून्यच होतं. व्हायरस शोधायला लावला, तो शोधत बसला. आई दारात उभी होती, डबा भरलेला, पिशवी हातात. "झालं?" एवढंच विचारायची आणि जायची, आणि पुन्हा यायची. "झालं?" मी शेवटी खेकसले, "सारखं सारखं विचारू नकोस."

दुकानं उघडायची वेळ झाली तशी मी पेन ड्राइव्ह खोळीत कोंबला आणि बाजारात गेले. आमच्या ओळखीचे एक दुकानदार होते, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटरचं सामान ठेवायचे. त्यांनी खोळीकडं बघितलं, हसले, आणि पायमोजा उलटा करावा तशी ती उलटी करून पेन ड्राइव्ह बाहेर काढला. लावला. स्वतःची एक फाईल त्यावर टाकली. गेली. पुसली. पुसली गेली.

"ताई, इसको कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. "तुमच्या पीसीतच काहीतरी लफडं हाय. फॉरमॅट मारा."

"नवीनच द्या एक," मी म्हटलं.

"चालू असताना कशाला घ्यायला लागलात?" असं म्हणून ते थांबले. "यात एकच आवाजाची फाईल हाय, बरं का. ती तेवढी जपून ठिवा."

एकच? मी वाकून पाहिलं. खरंच एकच होती, सगळ्यात पहिली. मी परत निघाले. रस्त्याला गणपतीच्या मांडवानं निम्मी वाट अडवलेली, रिक्षा पुढं सरकेना. धाकटा ऐकून झालेल्या पुसून टाकत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण तो छोटा रेडिओ नुसता वाजायचा. त्यावरून काही पुसता येतच नव्हतं.

घरी येऊन खोळ ओढली, पेन ड्राइव्ह लावला. राइट प्रोटेक्टेड. मला आता तो पेन ड्राइव्ह भिंतीवर मारावासा वाटत होता. म्हणजे दुकानदार म्हणाले तेच खरं, आमचाच कॉम्प्युटर बिघडलाय. मी फॉरमॅटची सीडी काढून आत घातलीसुद्धा. मग लक्षात आलं की सगळं पुसायच्या आधी आईची रेकॉर्डिंगं कुठंतरी काढून ठेवली पाहिजेत. कुठं? तर पेन ड्राइव्हवर. मी डोकं धरून बसले.

ती रेकॉर्डिंगं डोळ्यांसमोर होती. पावसाळाभराची, दर बुधवारची, एकाखाली एक. आणि पेन ड्राइव्हवर एक.

बाबा ऑफिसचे कपडे करून, वेळ टळली तरी पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही दर गुरुवारी फाईल टाकत होतात ना?"

अबोला होता, पण हा त्यांच्या कामाचा प्रश्न होता. "म्हणजे? दर खेपेला टाकलीय. तू शिकवलं तसंच."

"मग काय व्हायचं?"

"काय व्हायचं? चौकोन यायचा. ओके दाबायचं. चौकोन जायचा."

"चौकोनात काय लिहिलेलं असायचं?"

"ते कशाला वाचायचं? ऑफिसात पण येतात तसले. ओके दाबलं की होतं."

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. बाबांचा चेहरा उतरत गेला, त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आई पिशवी घेऊन मधल्या दारात उभी होती आणि मला कळलंच नव्हतं.

"म्हणजे त्यानं काय ऐकलं?" तिनं विचारलं.

"पहिलं."

"आणि नंतरचं?"

"काहीच गेलं नाही, आई. तो दर आठवड्याला तेच पहिलं ऐकत असणार."

आई खाली बसली. पिशवी मांडीवर. "पहिल्यात मी काय बोलले होते गं?"

ठरलेलं मोडून मी ते लावलं. आईचा ताठ, परका आवाज आला. जेवत जा, पाणी उकळून पी. आणि मग: "लेकरा, खोलीच्या दाराला कडी लावू नको. खाट दाराजवळ घे. चप्पल उशाला ठेव. कोण काय म्हणलं तरी ऐकू नको, मी सांगते म्हणून ऐक. तुझ्या आजीचा हात कडीवर होता." ते धाकट्याला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. बाबांनीही पेपर खाली ठेवला.

"दुसऱ्याच आठवड्यात मी सांगितलं होतं," आई म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती. "मी म्हणलं होतं, मी भिऊन बोलले. तू कडी लाव, आत निवांत झोप. पोरांसारखा ऱ्हा. ते बोलून मला किती बरं वाटलं होतं." मग तिनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "तो म्हणायचा की, तसंच करून राहिलो."

मी उगाच पेन ड्राइव्ह काढला, पुसायला लागले. त्याच्या कडेला एका खाचेत करडी लोकर अडकलेली दिसली. आईच्या शिवणाच्या डबीतली सुई घेतली आणि ती लोकर उकरली, तर सुईच्या टोकाला काहीतरी सरकलं. काळ्यावर काळं, तिळाएवढं बटण. उजेडात धरलं तेव्हा शेजारी कुलपाचं चित्र दिसलं, तेही काळंच. आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या एकाही पेन ड्राइव्हला असलं काही नव्हतं. मी त्याला नक्षी समजत होते.

खोळीत सारलं की बटण मागं सरकायचं, कुलूप उघडायचं. ओढून काढलं की पुढं सरकायचं, कुलूप लागायचं. दुकानदारांनी ओढली नव्हती, उलटी केली होती. कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं. मी नखानं बटण मागं केलं आणि पावसाळाभराचा आईचा आवाज एका झटक्यात पेन ड्राइव्हवर गेला.

काय झालं होतं ते मी आईला सांगितलं नाही. पण ती सगळं बघत होती. मी खोळ कशी घालते, कशी काढते, बटण कुठं जातं. शिवणारीला कापड कुठं ओढतं ते सांगावं लागत नाही. तिनं माझ्या हातून पेन ड्राइव्ह घेतला, खोळ मशीनवर ठेवली, पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"बस सुटंल."

बाबा उभे राहिले. "अगं, पिशवी मी देऊन येतो स्टँडवर. तू कशाला," असं काहीतरी म्हणत होते. मग त्यांना समजलं. त्यांनी आपल्या छत्रीची खोळ काढली आणि छत्री आईच्या हातात दिली.

स्टँडवर ड्रायव्हरनं पिशवीसाठी हात पुढं केला. आई म्हणाली, "आज मीच नेते," आणि ती पायरी चढली. मी मागोमाग. मला वाटत होतं ती लोह्याला उतरते म्हणेल, अहमदपूरला म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. पुढच्या सीटचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा सोडला नाही. मी मात्र सतत खिडकीतून बघत होते, घड्याळ बघत होते, ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली तेव्हा त्याच्यावर डोळे वटारत होते. धाकटा दुसऱ्याच एखाद्या बसनं निघाला असला तर? चाकूर गेल्यावर आईनं एकदाच विचारलं, "आपलं जुनं घर रस्त्यावरून दिसतं का?" मी म्हटलं, न्हाई. खरं म्हणजे मला आठवत नव्हतं.

लातूरच्या स्टँडवर बस वळली तेव्हा तो दिसला. ट्रंकेवर बसलेला, शेजारी रेडिओवाला पोरगा. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. बस थांबताच तो ट्रंक उचलून दाराकडं आला, चढायलाच, आणि दारातून आई उतरली.

त्यानं ट्रंक खाली ठेवली. "तू?" म्हणाला.

आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. रडायचं ते दोघंही रडली, भर स्टँडवर, डब्यासाठी आलेल्या पोरांच्या घोळक्यात. मीही रडले, आणि रेडिओवाला पोरगा आपली पिशवी छातीशी धरून दुसरीकडं बघत उभा राहिला.

होस्टेलकडं जाताना त्या पोरानंच सगळं सांगितलं. "काकू, हा कडीच लावू देत न्हाई. आमच्या खोलीतून दोघांची पुस्तकं गेली, बूट गेले. पोरं लई भांडली याच्याशी. आम्ही कडी लावली की हा उठून काढतो. मग आम्ही झोपलो की जागा ऱ्हातो, कोण येतंय का बघत, आमच्या वस्तू सांभाळत." दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या होत्या, पास झालेल्या पोरांचे फोटो भिंतभर. आई ते फोटो बघत चालली होती.

"मला सांगायचं न्हाई का रे?" मी धाकट्याला म्हटलं.

"काय सांगू, ताई? मालक समोर बसलेला." मग तो आईकडं बघून म्हणाला, "तू दर आठवड्याला तेच सांगून राहिलीस. मला वाटलं, एवढं तेच तेच सांगती म्हणजे आईला काहीतरी कळत असंल. विसर्जन पण जवळ आलं."

आई रस्त्यातच थांबली. "मला काही कळत न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "मी नुसती भिते."

मालकांनी आधी बायकांना वर सोडायला कुरकुर केली, मग आईकडं बघून सोडलं. खोलीत तीन खाटा होत्या. धाकट्याची दाराला चिकटून, उशाशी चप्पल, आणि गादीला आईची खोळ. आईनं ट्रंक आत घ्यायला लावली. रेडिओवाला पोरगा डबा घेऊन खाली मेसमध्ये गेला. आईनं पदराची गाठ सोडली, पेन ड्राइव्ह धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे नंतर ऐक. आधी झोप."

मग ती दाराशी गेली. कडी जुनी, गंजलेली, सहज न सरकणारी होती. तिनं ती धरली आणि तशीच उभी राहिली. मी पुढं होणार होते, पण झाले नाही. माझ्या आठवणीत आईच्या हातानं कुठल्याही दाराची आतली कडी लागलेली नव्हती. तिनं दोनदा ओढली, तिसऱ्यांदा कडी बसली, आवाज झाला, आणि धाकट्यानं मान वळवून बघितलं.

"लागली," आई म्हणाली. "झोप आता."

तो आडवा झाला. दिवसाउजेडी, बाहेर कुठल्यातरी मांडवात ढोल चाललेला, आणि तो क्षणात झोपला, तोंड उघडं, लहान होता तसा. आई खाटेवर बसली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली.

थोड्या वेळानं पोरं वर आली. आधी दार ढकललं, मग खडखडवलं, मग एक जण ओरडला, "अरे, कडी कुणी लावली?"

"मी लावली," आई आतून म्हणाली. "थांबा जरा. तो झोपलाय."